मदत हवी आहे: मानसशास्त्रात पीएचडी – प्रस्ताव, नमुना, प्रश्नावल्या

निशिगंध:
एम.ए. झालं आहे, पीएचडीचा प्रस्ताव लिहितेय. विषय आहे परीक्षेच्या काळातला ताण आणि झोप. ताणासाठी पीएसएस-१० आणि झोपेसाठी पीएसक्यूआय या प्रश्नावल्या वापरायचा विचार आहे. नमुना किती घ्यावा? प्रश्नावल्यांचं भाषांतर करून वापरलं तर चालेल का? आणि मार्गदर्शकांना पहिल्या ईमेलमध्ये काय पाठवावं?

सांख्यिक:
आधी ताण आणि झोप यांचा अपेक्षित सहसंबंध (दोन गोष्टी किती एकत्र बदलतात तो आकडा) ठरवा. पॉवर (खरा संबंध सापडण्याची शक्यता) ८० टक्के आणि सार्थकता पातळी (नसलेला संबंध चुकून 'आहे' असा दिसण्याची मर्यादा) ०.०५ धरली, तर ०.३ च्या सहसंबंधाला साधारण ८५ जण पुरतात, ०.२ ला १९५ च्या आसपास लागतात आणि ०.१ ला ७८० च्या वर. जीपॉवर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आकडे स्वतः टाकून बघा. छापून आलेले सहसंबंध बरेचदा फुगलेले असतात, कारण सार्थ निकाल जास्त छापले जातात. म्हणून ते जसेच्या तसे उचलू नका. १५ टक्के गळती धरायची तर १९५ ला ०.८५ ने भागा, म्हणजे २३०. नुसते १५ टक्के वाढवले तर नमुना कमी पडतो.

मुक्तछंद:
नमुन्याच्या आधी एक अडचण सोडवायला हवी. पीएसएस-१० आणि पीएसक्यूआय दोन्ही गेल्या महिन्याबद्दल विचारतात. परीक्षेच्या आठवड्यात फॉर्म भरून घेतला तर उत्तरात आधीचे तीन साधे आठवडेही मिसळतात, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न मोजलाच जात नाही. शिवाय एकदाच भरून घेतलेल्या फॉर्मवरून ताणामुळे झोप बिघडली की झोप बिघडल्यामुळे ताण वाढला, हे सांगता येत नाही. मौखिकीत पहिला प्रश्न इथेच येतो.

त्यापेक्षा १४ दिवसांची रोजनिशी घ्या, ७ दिवस परीक्षेआधीचे आणि ७ परीक्षेतले. सकाळी उठल्यावर झोपेचे चार-पाच प्रश्न, संध्याकाळी ताणाचे दोन-तीन. प्रत्येक नोंदीची वेळ आपोआप साठवली जाईल असं बघा, नाहीतर काही जण शेवटच्या दिवशी सगळ्या नोंदी एकदम भरतात आणि ते ओळखता येत नाही.

निशिगंध:
मग ८५-१९५ चा हिशोब इथे चालणार नाही ना?

सांख्यिक:
नाही चालणार. एकाच माणसाच्या १४ नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. बहुस्तरीय मॉडेल (माणूस आणि त्याचे दिवस असे दोन स्तर धरणारं) लागेल आणि नमुना 'आर' या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये सिम्युलेशन करून (कृत्रिम डेटा पुन्हा पुन्हा तयार करून) काढावा लागेल. प्रत्येकाची ताणाची स्वतःची सरासरी आणि त्या सरासरीपासूनचा रोजचा फरक हे दोन वेगळे चल करा. ते एकत्र राहिले तर 'मुळातच जास्त ताणात असणारे कमी झोपतात' आणि 'ज्या दिवशी ताण जास्त, त्या रात्री झोप कमी' ही दोन वेगळी विधानं एकाच आकड्यात कोंबली जातात.

अक्षरगंध:
भाषांतराचं. आधीच झालेलं, तपासलेलं भाषांतर आहे का ते शोधा. पीएसक्यूआयचे हक्क पिट्सबर्ग विद्यापीठाकडे आहेत, तिथून परवानगी घ्या. नवं करायचं असेल तर दोघांनी स्वतंत्रपणे करावं, मग दोन्ही जुळवावीत आणि मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्याने उलट भाषांतर करावं. त्यानंतर ५-१० जणांना प्रत्येक वाक्य वाचून 'यातून तुम्हाला काय समजलं?' असं विचारा. भाषा शुद्ध असूनही अर्थ घसरलाय, हे तिथेच कळतं. पीएसएस-१० मध्ये ४, ५, ७ आणि ८ ही विधानं उलट गुणांकनाची आहेत, म्हणजे तिथे मोठं उत्तर कमी ताण दाखवतं. ती फिरवायची राहिली की क्रोनबाख अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात तो आकडा) घसरतो आणि दोष उगाच भाषांतराला लागतो.

मुक्तछंद:
ईमेल छोटा ठेवा: एका वाक्यात प्रश्न, मग आराखडा, आणि त्यांच्या कोणत्या शोधनिबंधाशी तो कुठे जोडला जातो ते. सोबत एक पानी प्रस्ताव आणि बायोडेटा. होकार देण्याआधी त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारा की मसुदा तपासून किती दिवसांत परत येतो आणि शोधनिबंधावर नावांचा क्रम कसा ठरतो.

नैतिकता समितीची मंजुरी पहिल्या नोंदीच्या आधी हवी, मागाहून मिळत नाही. पुढे पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली जोडायचं ठरलं तर त्यातला नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. ते उत्तर कोण बघणार, किती तासांत आणि संपर्क कोण करणार, हे अर्जातच लिहा. फॉर्म निनावी असेल तर त्या व्यक्तीपर्यंत पोहोचताच येत नाही, तेव्हा तो प्रश्न ठेवायचा की नाही हे आधी ठरवा.