मदत हवी आहे : स्वतःच्या रानातली निवडक तोड रानाला धक्का न लावता कशी करावी?

नमस्कार. मी मुलुंडला राहतो. रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी घरामागच्या उतारावर आम्हा भावंडांचे सामाईक साडेचार एकर रान आहे. आजोबांपासून तिथे कोणी तोड दिलेली नाही. राबासाठी (पेरणीपूर्वी शेतात जाळायला) कवळ, म्हणजे तोडलेल्या डहाळ्या, आणि चुलीसाठी वाळकी फाटी एवढेच काय ते त्या रानातून घरी येत असे. ऐन आणि किंजळ भरपूर आहेत, खालच्या अंगाला साग आहे, मधूनमधून जांभूळ, खैर आणि बेहडा, आणि पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठी रायवळ आंब्याची जुनी झाडे. गेल्या पावसाळ्यात माजघरावरची तुळई खचली आणि वासे किडलेले निघाले. नवे छप्पर आपल्याच रानातल्या लाकडाचे करावे आणि आणखी थोडी झाडे विकून सुतारांची मजुरी भागवावी, असे आमचे ठरले आहे.

ही गोष्ट गावात पसरताच एक व्यापारी घरी आला. रानात पाऊलही न टाकता त्याने बांधावरून नजर फिरवली आणि सगळ्या रानाची उक्ती, म्हणजे लाकूड न मोजता एकरकमी, किंमत सांगितली. आठ दिवसांत जागा मोकळी करून देतो, मग काजू लावा, असे त्याचे म्हणणे होते. शेजारच्या वाडीत दोन वर्षांपूर्वी अशीच तोड झाली. मनगटाएवढी रोपटीही तेव्हा वाचली नाहीत, ओंडके उतारावरून ओढत नेल्यामुळे पडलेल्या घळी दर पावसाळ्यात खोल होत आहेत, आणि फांद्यांचा ढीग तसाच पडून राहिल्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात वणवा लागला. ते पाहिल्यावर मी त्या व्यापाऱ्याला नकार दिला.

कागदपत्रांपासून सुरुवात केली आहे. मुलुंड-भांडुपकडच्या कित्येक सोसायट्यांच्या जमिनींवर १९५० च्या दशकातील नोटिशींच्या आधारे 'खाजगी वन' अशी नोंद झाली होती आणि ३० जानेवारी २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत रहिवाशांनी त्यापायी किती हेलपाटे घातले, हे मी जवळून पाहिले आहे. त्यामुळे सर्वप्रथम आमच्या सातबाऱ्याचा 'इतर हक्क' हा रकाना आणि जुने फेरफार वाचून घेतले. तिथे वनाची नोंद नाही. साग, ऐन, किंजळ, जांभूळ, खैर, आंबा ही सगळी झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत येतात, म्हणून परवानगीचा अर्ज आणि वाहतूक पास या दोन्ही गोष्टी मी स्वतःच्या नावाने करणार आहे. चारही सहहिस्सेदारांची लेखी संमती झाली आहे.

मोजणीही केली. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि पुतण्याने छातीइतक्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, घेर मोजला आणि दोन फुटांहून अधिक घेराच्या प्रत्येक झाडावर चुन्याने क्रमांक टाकला. अशी २१२ झाडे भरली.

अडचण आहे ती निवडीची. छपराला सरळसोट सोट लागतात. पण सरळ तेवढे तोडून वाकडे, गाठाळ ठेवले, तर पुढचे बी त्यांचेच पडेल आणि नातवंडांच्या वाट्याला वाकडे रान येईल, अशी मला भीती वाटते. दुसरे असे की, एका जुन्या बेहड्याला मोठी ढोली आहे आणि तिथे धनेश पक्ष्यांची जोडी येते. बेहडा आम्ही तोडणार नाही, परंतु त्याच्या आसपासची तोड कधी करावी? आणि विक्रीचे लाकूड कोणत्या हिशेबाने द्यावे, म्हणजे तोडणाऱ्याला जास्त झाडे पाडण्याचा मोह होणार नाही? ज्यांनी स्वतःच्या रानात असे काम केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

तुमची भीती रास्त आहे. आमच्या रानात आम्ही आधी ठेवायची झाडे ठरवली आणि मगच तोडायची. प्रत्येक जातीतली सर्वांत सरळ, निरोगी अशी काही झाडे बियाण्यासाठी कायमची राखली, त्यांना रंगाचा पट्टा मारला, आणि त्यांच्या डोक्यावरचा उजेड अडवणारी झाडे काढली. पऱ्याच्या दोन्ही काठांची झाडे हिशेबातच धरली नाहीत. तुळईसाठी मोजकी सरळ झाडे अवश्य घ्या, पण एका ठिकाणची सगळी घेऊ नका.

साग, ऐन आणि किंजळ बुडख्यापासून चांगले फुटतात, हा आपला मोठा आधार आहे. बुडखा जमिनीलगत, थोडा उतरता आणि साल न फाटू देता कापावा, म्हणजे पाणी साचून तो कुजत नाही. पावसाळ्यानंतर फुटव्यांचा झुबका येईल. त्यातले एक-दोन जोमदार ठेवून बाकीचे काढावेत आणि तिथे गुरे चरू देऊ नयेत.

धनेशाची मादी उन्हाळ्याच्या तोंडावर ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते आणि नर तिला फटीतून चारा भरवतो. नर बिथरून दूर गेला तर आतली मादी आणि पिल्ले उपाशी राहतात. म्हणून तुमची सगळी तोड जानेवारीच्या मध्यापर्यंत उरका. त्या बेहड्याजवळची झाडे तर मी या खेपेस सोडूनच देईन.

प्रतिसाद २

हिशेबाबद्दल लिहितो, रे रोडच्या लाकूड बाजारात माझी बरीच वर्षे गेली आहेत. उक्ते कधीही देऊ नका. दर घनफुटाचा ठरवा आणि माप रानातच, ओंडका गाडीत चढण्यापूर्वी, दोघांच्या समोर घ्या. रीत अशी : मधला घेर इंचांत घेऊन त्याचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करून फुटांतल्या लांबीने गुणायचे आणि १४४ ने भागायचे. ४८ इंच घेराचा १० फुटी ओंडका १० घनफूट भरतो. भूमितीप्रमाणे त्यात सुमारे १२.७ घनफूट लाकूड असते. हा फरक साल आणि कापणीतली घट यांसाठी बाजार सोडतो, म्हणून दर बोलताना कोणते माप धरले आहे ते आधी स्पष्ट करून घ्या. तोडणाऱ्या माणसांना मात्र रोजाने पैसे द्या, नगावर किंवा घनफुटावर नको.

मूळ लेखक

दोघांचेही मनापासून आभार. बेहड्याभोवतीची अकरा झाडे यादीतून काढली आहेत आणि मजुरांशी रोजाचेच बोलणार आहे. एक शंका उरते : उतार तीव्र आहे, ट्रॅक्टर रानात घालायचा नाही. बैलांनी साखळीने ओढण्याऐवजी ओंडके रानातच तुळईच्या आणि वाशांच्या मापाने कापून खांद्यावरून खाली आणले, तर जमीन वाचेल असे मला वाटते. किती लांबीपर्यंत हे जमते, याचा कोणाला अनुभव आहे का?

प्रतिसाद १

वासे सहज येतात. तुळई मात्र आम्ही ठरावीक एकाच वाटेने, खाली आडव्या फांद्या अंथरून, वरून दोराने धरत उतरवली होती. काम संपल्यावर त्याच फांद्या त्या वाटेवर आडव्या पसरून ठेवल्या आणि पावसाळ्यात तिथली माती जागची हलली नाही. फांद्या जमिनीला मात्र चिकटून बसल्या पाहिजेत, आणि उरलेली फाटी उन्हाळ्यापूर्वी घरी न्या.