मदत हवी आहे: टेकऑफनंतर टीकॅसचा (विमानांची टक्कर टाळणाऱ्या यंत्राचा) इशारा, आई परतीच्या विमानात बसायला तयार नाही

मंडळी, आम्ही साताऱ्याचे. गेल्या आठवड्यात आईला घेऊन दिल्लीला ताईकडे आलो. (विमानतळ, कंपनी काही लिहीत नाही, उगाच कुणावर खापर नको.) टेकऑफनंतर पाचेक मिनिटांत, चढता चढता इंजिनाचा आवाज एकदम बसला, पोटात गोळा आला आणि विमान सपाट झालं. थोड्या वेळानं परत चढायला लागलं. कॅप्टन म्हणाले, जवळच्या विमानामुळे टीकॅसचा इशारा आला होता, काळजी नको. आईनं त्यातलं 'जवळचं विमान' तेवढं ऐकलं. आता म्हणते, गोवा एक्सप्रेसची तिकिटं काढ.

खंबाटकीला कसं, साताऱ्याहून जायचा बोगदा वेगळा आणि यायचा घाट वेगळा. वर तसं काही नसतं का? आणि मी उगाच वाचत बसलो ते चरखी दादरीचं, 1996, हवेत दोन विमानांची टक्कर, 349 माणसं गेली. मग 2002 चं जर्मनीतलं उबरलिंगन, तीही हवेतलीच टक्कर. तिथं जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकानं रशियन विमानाला खाली यायला सांगितलं, यंत्र म्हणत होतं वर जा. पायलटनं नियंत्रकाचं ऐकलं. दुसरं विमानही त्याच्या यंत्राच्या सांगण्यावरून खालीच येत होतं. 71 जण गेले. मग ऐकायचं कुणाचं?

प्रतिसाद:
यंत्राचं. उबरलिंगननंतर यात शंकेला जागाच ठेवलेली नाही. पायलट रेडिओवर 'टीकॅस आरए' (म्हणजे यंत्रानं वर-खाली जायचा आदेश दिलाय) एवढंच कळवतो, आणि त्याच्याकडून 'क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट' (धोका टळला) येईपर्यंत नियंत्रक त्याच्या चढ-उतारात हात घालत नाही. भारतात टीकॅसची सक्तीही चरखी दादरीनंतरच आली.

तुमचा घाट-बोगदा वरही असतो, निघणाऱ्यांच्या वाटा वेगळ्या, येणाऱ्यांच्या वेगळ्या. पण त्या कुठंतरी एकमेकींना छेदतातच, तिथं उंचीत 1000 फूट अंतर ठेवतात. समजा तुम्हाला 6000 फुटांवर थांबायला सांगितलंय आणि 7000 वर दुसरं विमान आहे. सगळं नियमात. पण तुम्ही मिनिटाला 3000 फुटांनी चढताय, आणि तुम्ही 6000 वर थांबणार आहात हे टीकॅसला ठाऊकच नसतं. ते फक्त आत्ताचं अंतर आणि वेग बघतं, असंच चढत राहिलं तर अर्ध्या मिनिटात गाठ पडेल असा हिशेब करतं आणि ओरडतं, 'लेव्हल ऑफ', म्हणजे चढणं थांबवा, सपाट व्हा. म्हणून तर शेवटच्या हजार फुटांत चढण्याचा वेग मिनिटाला 1500 च्या आत आणा असं पायलटांना सांगितलेलं असतं. तुमच्या वेळी नेमकं हेच झालं असं इथं बसून सांगता येणार नाही, पण चढताना असे इशारे येतात ते बरेचदा यामुळेच.

धागाकर्ता:
आभारी आहे. आईला पोळ्या लाटता लाटता सगळं समजावलं, हजार फुटांसकट. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि ते यंत्रच बंद पडलं तर?"

याला काय सांगू? तिकिटं उद्यापर्यंत काढायची आहेत.