प्रति: सोनोग्राफी नॉर्मल, तरी पोट दुखतंय

सोनोग्राफी नॉर्मल असूनही मुलीचं पोट वारंवार दुखतं, या प्रश्नावर कुणीतरी लिहिलंय की रिपोर्ट चांगले म्हणजे पोरगी शाळा बुडवायला नाटक करते. नाही हो. आमच्या खानापूरच्या घरात हेच झालं. सकाळी रिक्षाचा हॉर्न वाजला की नऊ वर्षांचा पुतण्या बेंबीवर हात दाबून उकिडवा बसायचा. आजीनं बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेतलं, जंताचं औषधही झालं. शेवटी बेळगावच्या बालरोगतज्ज्ञांनी समजावलं, आतडं धड आहे, त्याच्या नसा हळव्या झाल्यात. साधा गॅसचा ताणसुद्धा मेंदूला दुखणं म्हणून कळतो. म्हणजे दुखतं खरंच! दुखणं शौचाशी जोडलेलं, कधी खडा कधी पातळ, असं असेल तर आयबीएस, म्हणजे हळव्या आतड्याचा त्रास (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम). ब्रिटनमध्ये बालरोगतज्ज्ञ ॲप्ली यांना १९५८ मध्येच दर दहा शाळकरी मुलांत साधारण एकाचं पोट वारंवार दुखताना आढळलं होतं.

मात्र वजन घटणं, शौचातून रक्त, ताप, सतत उलट्या, झोपेतून उठवणारं दुखणं, यातलं काही असेल तर लगेच दाखवा.

आमच्याकडे गोम वेगळीच निघाली. शाळेच्या संडासाला कडी नव्हती, म्हणून हा दिवसभर दाबून धरायचा. आता नाश्त्यानंतर दहा मिनिटं घरीच संडासला बसवतो, आणि सारखं लक्ष पोटाकडे जाऊ नये म्हणून "दुखतंय का रे?" विचारणं आजीनंही बंद केलंय.