मदत हवी आहे : संथ श्वास आणि संगीत एकत्र केलं की चक्कर येते, काय चुकतंय?

सावली_नाशिक
सोमवारपासून पूर्वपरीक्षा आहे, कृपया लवकर सांगा. आठ दिवस झाले, बासरी लावून श्वासाचा व्यायाम चालू आहे. चार मोजून घ्यायचा, सात रोखायचा, आठ मोजून सोडायचा. पाचव्या-सहाव्या मिनिटाला चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि रडू थांबायच्या ऐवजी वाढतं. राग बदलू का? कोणता लावू?

मध्यलय
परीक्षा कुणाची? वय काय? दमा, फिट, बीपी, काही औषध चालू? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

सूरसाधक
दरबारी कानडा लावा, रात्री नऊनंतर. माझा रक्तदाब त्यानेच उतरला. सकाळी भैरव. बासरीपेक्षा सतार चांगली.

मध्यलय
दादा, तुम्हाला दरबारी मानवला, आनंद आहे. पण अमुक आजाराला अमुक राग असा तक्ता पक्का सिद्ध झालेला नाही. घाबरलेल्या माणसाला अशी औषधाची चिठ्ठी देऊ नका.

सूरसाधक
अनुभव हाही पुरावाच असतो. आमच्या गुरुजींनी चाळीस वर्षं लोकांना ऐकवलंय.

सावली_नाशिक
मुलीसाठी विचारतेय. पंधरा वर्षांची, दहावी. दमा नाही, औषध नाही. पुस्तक उघडलं की रडते नाहीतर वह्या भिरकावते. तेव्हाच मी तिला बसवते आणि मोठ्याने आकडे मोजते. राग कोणता ते सांगा ना.

परिचारिका_७
ताई, रागाचं नंतर बघू. खांदे वर जाईपर्यंत श्वास ओढते का? सात आकडे रोखल्यावर पुढचा श्वास धापेसारखा येतो, मग ती गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर करते. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. चक्कर आणि मुंग्या बहुतेक त्याच्याच. रोखणं आजपासून बंद करा. श्वास मोठा नको, संथ हवा, नाकाने, पोट हलकेच हलेल इतकाच. व्यायाम न करताही चक्कर येत असेल तर हिमोग्लोबिन तपासा, या वयात ते कमी असणं सर्रास दिसतं.

घाटमाथा
अनुलोम-विलोमने माझं घोरणं थांबलं. रोज वीस मिनिटं.

झपताल_मिरज
तबला शिकवतो, म्हणून माझ्याकडचा उपाय देतो. झपताल हा दहा मात्रांचा, म्हणजे दहा ठोक्यांचा ताल. मिनिटाला 60 मात्रांची लय ठेवली की एक आवर्तन (पूर्ण फेरी) दहा सेकंदांचं, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. धी ना, धी धी ना या बोलांएवढ्यात श्वास घ्यायचा, सहाव्या मात्रेला 'खाली' (तालातली रिकामी मात्रा) आली की ती ना, धी धी ना एवढ्यात सोडायचा. आकडे मोजावे लागत नाहीत, ठेकाच मोजतो. मागे नुसता तानपुरा.

मध्यलय
याला आधार आहे. इटलीचे संशोधक लुचियानो बेर्नार्दी यांनी 2001 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवलं होतं, की लॅटिनमधली जपमाळ किंवा 'ओम मणि पद्मे हुं' म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो. रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणाही साधारण दहा सेकंदांच्या लयीत चालते, दोन्ही जुळतात. घेताना नाडी किंचित वाढते, सोडताना उतरते. त्यांच्याच 2006 च्या अभ्यासात जलद संगीताने श्वास आणि नाडी दोन्ही वाढल्या होत्या. ताई, तुमच्या बासरीत पुढे द्रुत, म्हणजे जलद भाग येतो का?

सावली_नाशिक
हो! दहा मिनिटांनी तबला सुरू होतो आणि शेवटी फार जोरात. तिला तेव्हाच जास्त त्रास होतो. मला वाटलं बासरी म्हणजे शांतच.

कोमल_निषाद
अजून एक. रडण्याचा भर असताना पहिला धडा देऊ नका. शांत असताना, दुपारी वगैरे, पाच मिनिटं सवय लावा. संगीत-उपचारात आधी माणसाच्या मनःस्थितीशी जुळणारं लावतात आणि मग हळूहळू संथ करत नेतात. ती खवळलेली असताना एकदम विलंबित (अगदी संथ) लावलं तर तिला ते आपल्यावर लादल्यासारखं वाटेल. गाणं तिला निवडू द्या. आणि आकडे मोजणं तुम्ही सोडा, आईचा आवाज त्या क्षणी परीक्षेचाच वाटतो.

सूरसाधक
तानपुरा अॅपवरचा चालणार नाही. जुळवलेला खरा हवा.

झपताल_मिरज
मोबाइलचा चालतो. परीक्षेच्या आधी तानपुरा विकत घ्यायला लावता का तिला?

परिचारिका_७
वह्या भिरकावण्यापलीकडे, जगणं नकोसं वाटतं असं काही बोलते का? बोलत असेल तर श्वासावर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 आहे, विनाशुल्क, चोवीस तास. शाळेत समुपदेशक असतील तर त्यांनाही भेटा.

सावली_नाशिक
तसं बोलत नाही, पण झोप पाच तासच होते. शाळेत उद्या विचारते. काल दुपारी झपताल लावला, रोखणं नाही, मी खोलीबाहेर. चक्कर नाही, मुंग्या नाहीत. संध्याकाळी एकदा रडलीच, पण स्वतः उठून तानपुरा लावला. श्वास सोडताना ती 'सा' गुणगुणते. चालेल का, की गप्प बसायला सांगू?

परिचारिका_७
गुणगुणू द्या. गुणगुणताना सोडायचा श्वास आपसूक लांबतो. फक्त जोर लावून ताणू नको म्हणावं.

झपताल_मिरज
आणि तिचा 'सा' कुठल्या पट्टीत (किती उंच स्वरात) बसतो ते बघा. तानपुरा त्या पट्टीत ठेवा, नाहीतर गळा ओढला जाईल.