हाफपाइपमध्ये ५४० बसत नाहीये, जाणकारांनी लवकर सांगा

उताणा
नमस्कार मंडळी. स्नोबोर्डचा सीझन संपायला तीन आठवडे उरलेत आणि माझं घोडं अडलंय. हाफपाइपच्या (बर्फात कोरलेल्या अर्ध्या नळीच्या) उजव्या भिंतीवर मस्त हवेत जातो, ग्रॅबसुद्धा (हवेत हाताने बोर्ड पकडणं) बसतो. डावीकडे मात्र एकतर लिपपर्यंत (भिंतीच्या वरच्या काठापर्यंत) पोचतच नाही, नाहीतर उडतो आणि थेट खालच्या सपाटीवर आपटतो. काल माकडहाड चांगलंच शेकून निघालं. मला ५४० (हवेत दीड फेरी) शिकायचंय. व्हिडिओ ढीगभर पाहिले, खांदे कधी फिरवायचे ते प्रत्येक जण वेगळं सांगतो. आणि कृपया "कोच लाव" म्हणू नका, तासाचे दर बघून आलोय.

कॅलगरीची काकू
अरे बाबा, रेग्युलर की गूफी, म्हणजे डावा पाय पुढे की उजवा? पाइप केवढा? बोर्ड कुठला? नुसतं "उजवी-डावी" म्हणून आम्ही काय समजायचं?

बंड्या बर्फवाला
उत्तर एकच: फोम पिट, म्हणजे फोमच्या तुकड्यांनी भरलेला खड्डा. मी अमेरिकेत कॉपर माउंटनला वुडवर्डच्या सराव हॉलमध्ये ट्रॅम्पोलिनवर आधी फिरायला शिकलो, मग फोममध्ये, मग एअरबॅगवर, मग बर्फावर. तीन महिने गेले, पण एक हाड मोडलं नाही. थेट पाइपात ५४० म्हणजे विहिरीत पोहायला शिकण्यासारखं आहे.

मल्लखांबवाला
विहिरीतच शिकलो की आम्ही सगळे. अंग हवेत कसं गोळा करायचं, कसं सोडायचं हे शिकायचं तर मल्लखांब करा. सहा महिन्यांत फरक दिसेल.

उताणा
@मल्लखांबवाला, तीन आठवडे म्हणालो मी.
@काकू, रेग्युलर. पाइप २२ फुटी. बोर्ड मित्राचा आहे, चांगला आहे.

कॅलगरीची काकू
हं. डावा पाय पुढे, म्हणजे उजवी भिंत तू बोटांच्या एजवर (बोर्डच्या धातूच्या कडेवर) चढतोस आणि डावी टाचेच्या. टाचेची भिंत बहुतेकांना जड जाते. ढुंगण मागे काढून खुर्चीत बसल्यासारखे बसतात, एज सुटते, बोर्ड घसरतं, वेग तिथेच संपतो. मग वर पोचणार नाही अशी धास्ती वाटते आणि माणूस लिपच्या आधीच उडी मारतो. आधी मारलेली उडी तुला भिंतीपासून लांब, पाइपच्या मध्यावर ढकलते. म्हणून सपाटीवर पडतोस. खांद्यांचा प्रश्नच नाही हा.
कोपऱ्यात गुडघे वाकव, भिंत चढताना पाय सरळ कर. झोपाळ्यावर झोका वाढवतो तसं. उडी मारायचीच नाही, भिंत तुला सोडेल तेव्हा सुटायचं.

बंड्या बर्फवाला
काकू, थिअरी ठीक आहे. पण २२ फूट म्हणजे दोन मजले. भीती गेल्याशिवाय कोणी लिपपर्यंत थांबत नाही, आणि भीती फोममध्येच जाते.

कॅलगरीची काकू
फोममध्ये एज असते का रे? फोम पिटात १०८० (तीन फेऱ्या) मारणारी आणि बर्फावर भिंतीवरून घसरणारी पोरं मी इथे कॅलगरीच्या ऑलिंपिक पार्कात दर शनिवारी बघते.

बंड्या बर्फवाला
आणि सरळ बर्फावर शिकलेली मी हॉस्पिटलात बघतो.

फिजिओ मी
माकडहाडाचं काय? बसताना दुखतंय का? पायात मुंग्या येतात का? येत असतील तर धागा बंद करून आधी डॉक्टरकडे जा. पॅडवाली चड्डी मिळते, ती घाल. हेल्मेट आहे ना? अमेरिकन स्नोबोर्डर केव्हिन पिअर्स ३१ डिसेंबर २००९ ला पार्क सिटीच्या पाइपात सराव करताना पडला. हेल्मेट होतं, तरी मेंदूला इतका मार बसला की त्याची स्पर्धा कायमची सुटली. ऑलिंपिक जेमतेम दीड महिन्यावर होतं.

नारायणपेठी
या वयात हे कशाला? (वय लिहिलेलं नाही, पण अंदाज आला.)

सानिकाची आई
अवांतर: मे महिन्यात मुलांना घेऊन मनालीला चाललोय. सोलंगला बर्फ असेल का? स्नोबोर्ड भाड्याने मिळतो का?

गुलमर्गी
ताई, मे मध्ये सोलंगला गवत. बर्फ रोहतांगला, परमिट काढावं लागेल.
उताणा, इतके डॉलर कशाला घालवतोस? गुलमर्गला ये, गोंडोलाने (केबल कारने) अफरवटच्या डोंगरावर जा, गुडघाभर पावडर (भुसभुशीत ताजा बर्फ).

उताणा
पावडरमध्ये पाइप कुठून आणू?

कॅलगरीची काकू
मित्र या बोर्डवर काय करतो?

उताणा
रेल. दिवसभर लोखंडी दांड्यांवरून घसरत असतो. का?

कॅलगरीची काकू
अरे देवा. एजवर नख फिरवून बघ. नख खरवडलं जातं का?

उताणा
नाही. गुळगुळीत आहे. चमच्यासारखं.

कॅलगरीची काकू
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतंस! रेलवाले एज मुद्दाम बोथट करतात, रेलवर अडकू नये म्हणून. पाइपची भिंत सकाळी काचेसारखी असते. बोटांवर पुढे झुकून तू कसंबसं निभावतोस, टाचेवर ते जमत नाही. मित्राला विचार, आणि धार लावून घे.

बंड्या बर्फवाला
हे मात्र बरोबर. बोर्ड कॅम्बर (मध्ये कमानीसारखा उचललेला) आहे की रॉकर (टोकं वर वळलेला) तेही बघ. पाइपला कॅम्बर.

उताणा
रविवारचा रिपोर्ट: मित्र बोर्डला हात लावू देईना, म्हणून दुसरा भाड्याने घेतला, कॅम्बर, धारदार. दुपारी ऊन लागून बर्फ जरा नरमल्यावर गेलो. डाव्या भिंतीवर लिपच्या हातभर वर! सपाटीवर एकदाच पडलो.
पण ५४० चं कोणीच सांगितलं नाही.

कॅलगरीची काकू
हातभर उंचीत ५४० करणार? आधी दोन्ही भिंतींवर पुरुषभर उंच साधी, जादा फिरकीशिवायची हवा, ग्रॅबसकट. मग ५४० तुझ्या लाडक्या उजव्या भिंतीवर. बोर्ड लिप सोडेपर्यंत खांदे आवरून धर, मग डोकं डाव्या खांद्यावरून फिरव आणि उतरायची जागा शोध. ३६० च्या नादी लागू नकोस, पाइपात तो उलट्या पायावर उतरवतो.

बंड्या बर्फवाला
आणि हे सगळं आधी फोममध्ये.

सानिकाची आई
रोहतांगचं परमिट ऑनलाइन मिळतं का?