मातीच्या भिंतीच्या सैपाकघरात ओटा आणि सिंक स्वतः बसवायचं आहे, जाणत्यांनी सांगा

दारव्ह्याचा_शेतकरी (यवतमाळ)

नमस्कार मंडळी. आमचं घर दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात, आजोबांनी बांधलेलं. मातीच्या भिंती, सागाचे फाटे (छपराची लाकडं), वर कवेलू (मातीची कौलं). सैपाकघर १४ बाय ९ फूट, भिंत पावणेदोन फूट जाड, आतून पांढऱ्या मातीचा पोतारा. मे महिन्यात बाहेर ४५ अंश तापत असताना याच खोलीत बसवतं, म्हणून पाडायचा विचारही नाही.

आईचा सैपाक चुलीवर, खाली बसून. बायकोचा गॅसवर, पण शेगडी जमिनीवरच, त्यामुळे तीही पाटावर बसून. तिचे गुडघे आत्तापासून दुखायला लागलेत. आईचे दुखत नाहीत, पण उठताना तिला भिंत धरावी लागते. दोघींची सोय एकाच खोलीत व्हावी एवढीच इच्छा आहे.

तूर निघाली, हरभरा निघाला की पेरणीपर्यंत हात मोकळे. मिस्त्री मिळतात, पण आल्या आल्या म्हणतात की सिमेंटची छपाई करू आणि टाइल्स लावून देऊ. माझ्या मावसभावाकडे तसंच केलं. दुसऱ्या पावसाळ्यात टाइल्स मातीचा पापुद्रा घेऊन खाली आल्या. म्हणून काम मी स्वतः करणार. शेतातलं ठिबक मीच जोडलं, वेल्डिंग येतं, विटकाम जमतं. ४०,००० रुपये बाजूला काढलेत.

मला कळत नाही ते असं. मातीच्या भिंतीवर टाइल टिकेल असा काही उपाय आहे का? कडप्प्याच्या ओट्याचं वजन या घराला पेलेल का? सिंकचं पाणी कुठे सोडू? आतापर्यंत भांडी बाहेर सांदवाडीत (घरामागच्या अंगणात) घासतात, त्यामुळे घरात नळ नाही. आणि चूल मोडायची की ठेवायची?


साकोलीकर (भंडारा)

दादा, खर्च करणारच आहात तर सैपाकघराची मागची भिंत पाडून विटांची घ्या आणि तेवढ्यावर स्लॅब टाका. आमच्या गावात बऱ्याच जणांनी असं केलं. मातीत पैसा घालू नये असं माझं मत. दरवर्षी लिंपायला आता माणसं तरी कुठे मिळतात?


आर्वीचा_मिस्त्री (वर्धा)

भाऊ, भिंत पाडू नोका. मातीच्या घराले एक भिंत विटाची केली तर दोन्ही भिंती एकमेकीले धरत नाहीत, सांध्यात दरसाल चीर जाते. अन् फाटे ज्या भिंतीवर टेकले तिले हात लावला की सारं छप्पर उतरवा लागते. तुमचे ४०,००० त्यातच जातीन. साकोलीकर भाऊ म्हनतात ते माणसं भेटत नसल्याचं खरं आहे. पण तुम्ही सोता करून राह्यले, तर तो सवाल तुमच्यासाठी नाही.

मी बापाच्या हाताखाली काम शिकलो, तवापासून मातीची घरं पाहून राह्यलो. वजनानं मातीचं घर पडलेलं मी पाह्यलं नाही. पडते ते पाण्यानं. पावणेदोन फुटाची भिंत माळा अन् छप्पर झेलते. तिले ओट्याचं काही होत नाही, अन् तसंही ओटा तिच्यावर टाकाचाच नाही. पण ती जमिनीतली ओल वर ओढते. ती ओल भिंतीच्या तोंडातून हवेनं सुकून जाते, म्हणून घर इतके वर्षं उभं आहे. वरून सिमेट लावलं की ओलीले बाहेर जाले वाट राहत नाही. मंग ती मांगच्या मांग चढते, माती भुसभुशीत होते, लोणा (खार) लागते. तुमच्या मावसभावाच्या इथं टाइलीनं सिमेट सोडलं नाही, सिमेटानं माती सोडली. म्हणून भिंतीवर टाइल टिकवाचा उपाय शोधूच नोका. भिंतीले काहीच चिकटवू नोका, ओटा सुटा उभा करा.

ओट्याच्या जागी ९ इंच खोदा. खाली काळी माती लागली तर पुरी काढा, कारण ते पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते अन् ओट्याले हलवते. तिच्या जागी मुरूम भरून, पाणी मारून धुम्मस करा, म्हणजे ठोकून दाबा. त्यावर ४ इंच जाड गिट्टीचा (काँक्रीटचा) बेड घाला. बेडावर साडेचार इंची विटाचे पाय उचला. दोन पायात दोन-सवादोन फुटाच्या वर अंतर ठेवू नोका. मधातच कडप्पा लटकत राह्यला तर भरलेला गंज (पातेलं) आदळला की तडकते. मांगच्या भिंतीपासून पाय १ इंच दूर. सिमेट पिकवाले भिंतीवर पाण्याचा पाइप धरू नोका, पायाले ओले पोते गुंडाळून ठेवा अन् ७ दिवस तरी ते सुकू देऊ नोका.

टाइलीच्या जागी कडप्प्याचीच फूटभर उंच पट्टी उभी करा. ते ओट्यावर बसली पायजे, भिंतीवर नाही. पट्टी अन् भिंतीतली फट वरून चुन्याच्या मसाल्यानं उतरती बुजवा. खालून उघडी राहू द्या, म्हणजे भिंतीले हवा लागते. फोडणीचं तेल अन् पाण्याचे शिंतोडे त्या पट्टीच्या वर फारसे जात नाहीत. गेलेच तर चुन्यानं पुन्हा हात मारता येते, तोडफोड करा लागत नाही.

आता भिंत. चुलीची काजळी आंधी खरडून काढा, काजळीवर कोणताच हात बसत नाही. मंग पांढरी माती, गव्हाचं कुटार (भुसा) अन् शेण एकत्र भिजवा, आठवडाभर कुजू द्या, रोज तुडवा. या कामाले काळी माती घ्याची नाही, सुकली की जाळीसारखी फाटते. लिंपण पुरं सुकल्यावर चुना. कळीचा चुना पाण्यात टाका, चुन्यावर पाणी ओतू नोका, ते उसळते अन् डोळा जाते. लोखंडी ड्रम घ्या, प्लास्टिक वितळते. चांगला मुरू द्या अन् पातळ पातळ हात मारा. चुना हवेनं दगड होते, जाड थराच्या आत हवा पोचत नाही.

मन मानत नसन तर एक दिवस सेवाग्रामले जाऊन या. गांधीजींच्या आश्रमातलं आदिनिवास १९३६ चं आहे, मातीचं. छपराच्या पागोळ्या भिंतीपासून किती दूर पडतात ते पाहा अन् भिंतीच्या बुडाशी पाणी साचते काय ते पाहा. घर कशानं टिकलं ते तिथंच समजते.

म्हणून सिंकच्या आंधी सांदवाडीत जा. वर्षानुवर्षं झाडलोट अन् शेणमाती पडून मांगची जमीन वर येते, कित्येक घरी ते आतल्या जमिनीच्याही वर चढते. तुमच्या इथं तसं असन तर आंधी ते उतरवा अन् भिंतीपासून बाहेर मुरमाचा उतार काढा. हे केल्याशिवाय घरात नळ घेऊ नोका.


अकोटची_ताई (अकोला)

भाऊ, मिस्त्रीकाकांनी बांधकामाचं सगळं सांगितलं. मी शाळेत पोषण आहाराचा सैपाक करते, दिवसभर ओट्यापुढे उभी असते, म्हणून रांधणाऱ्या बाईच्या बाजूनं सांगते.

ओट्याची उंची दुकानदाराला विचारू नका. वहिनींना चप्पल घालून किंवा अनवाणी, जशा सैपाक करतील तशा उभ्या करा आणि कोपर दुमडायला सांगा. कोपरापासून ४ इंच खाली ओट्याची पाठ आली पाहिजे. शेगडी ठेवायची तेवढी जागा आणखी ३-४ इंच खाली घ्या, कारण शेगडीची स्वतःची उंची असते, तिच्यावर गंज असतो, आणि भाजी हलवताना खांदा वर उचलावा लागला की संध्याकाळी मान धरते. तुम्ही विटांचे पाय स्वतः उचलणार आहात, मग एका बाजूचे पाय एक थर कमी ठेवले की काम झालं. तयार ओटा घेणाऱ्याला हे मिळत नाही.

गॅसचं मात्र जिवाचं काम आहे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवर साचतो. नव्या घरात तो दाराखालून बाहेर जाईल. तुमच्यासारख्या जुन्या घराला चांगला उंच उंबरा असतो, तो गॅस आतच अडवतो. म्हणून सिलिंडर ठेवाल त्या बाजूच्या भिंतीला अगदी जमिनीलगत झरोका पाडा आणि उंदीर येऊ नये म्हणून जाळी बसवा. ओट्याखाली सिलिंडर ठेवलात तर पुढे पक्कं दार लावू नका. सिलिंडर उभा, शेगडी त्याच्यापेक्षा वर. नळी आयएसआय शिक्क्याची, दीड मीटरच्या आत, भिंतीतून आरपार नेलेली नको, आणि ५ वर्षं झाली की बदलायची, वरून चांगली दिसली तरी.

यातच तुमच्या चुलीचं उत्तर आहे. गॅस आणि चूल एका खोलीत नकोत. चूल मोडूही नका. रोडगे आणि वांग्याचं भरीत गॅसवर होत नाही, आणि आईंचा हात चुलीवरच चालतो. मागच्या दाराबाहेर टिनाचं शेड काढा, तीन बाजू उघड्या ठेवा, चूल तिथे हलवा. पण कुठे हलवायची हे आईंनाच ठरवू द्या. वारा कुठून येतो आणि चुलीचं तोंड कुठे हवं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? आणि आतल्या खोलीत त्यांच्यासाठी खुर्चीच्या उंचीचा एक बैठा ओटा बांधा, भाजी निवडायला, पीठ मळायला. तुम्हाला वेल्डिंग येतं, तर त्याच्या कडेला जमिनीत रोवलेला लोखंडी पाइप उभा करा. उठताना भिंतीऐवजी तो धरतील.


वायरमन_पुसद (यवतमाळ)

फक्त विजेचं सांगतो. मातीच्या भिंतीत खाच पाडून वायर गाडू नका, ओल आणि उंदीर दोन्ही लागतात. लाकडी पट्ट्यांवर उघडा पाइप न्या. मिक्सर आणि फ्रिजला वेगवेगळे पॉइंट, पुढे इंडक्शन घ्यायची असेल तर १६ अँपिअरचा एक पॉइंट ४ चौरस मिमी वायरनं आताच करून ठेवा. अर्थिंग नवं आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवीच. ओला हात आणि ओली जमीन सैपाकघरात रोजचीच. जोडणी परवानाधारकाकडून करून घ्या, बाकी सगळं स्वतः केलंत तरी.


दारव्ह्याचा_शेतकरी (यवतमाळ)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी फावडं घेऊन मागे पाहिलं. मिस्त्रीकाका, तुम्ही म्हणता तसंच आहे, सांदवाडीची जमीन आतल्या जमिनीपेक्षा जवळजवळ वीतभर वर आहे. उद्यापासून आधी तेच काम. ताई, आईला विचारलं. तिनं लगेच चूल कुठे हवी ते दाखवलं, निंबाच्या बाजूला, तोंड पूर्वेला. बैठ्या ओट्याचं ऐकून म्हणाली, पाटा-वरवंटा पण त्याच्याजवळच ठेव.

आता दोन शंका राहिल्या. सिंकचा पाइप एवढ्या जाड भिंतीतून कसा काढू आणि पाणी किती दूर न्यायचं? शोषखड्डा करावा का? दुसरं आईनं काढलं. ती म्हणते, इतकी वर्षं धूर होता म्हणून फाटे शाबूत आहेत, चूल बाहेर गेली की उधई (वाळवी) लागेल. यात कितपत तथ्य आहे?


आर्वीचा_मिस्त्री (वर्धा)

माय बरोबर म्हनते. धुरानं लाकडाले कीड कमी लागते, आमच्याकडं बियाचे कणसं चुलीवर टांगत तेही त्याचसाठी. चूल हलवाच्या आंधी फाटे पाहून घ्या. भिंतीत टोक घुसते तिथं अन् कवेलाच्या गळतीखाली उधई आंधी लागते. पेचकस (स्क्रूड्रायव्हर) टोचून पाहा, आत गेला तर ते टोक खराब. चांगल्या फाट्यावरची काजळी खरडू नोका, नुसती धूळ झाडा. उघड्या पडलेल्या लाकडाले बोरॅक्स अन् बोरिक ॲसिडचं पाणी ब्रशनं पाजा. अन् ओट्याखाली प्लायवूडचे कप्पे करू नोका, उधई मातीतून सरळ त्यात जाते. तुम्हाले वेल्डिंग येते तर लोखंडी चौकटी करा, त्यात स्टीलच्या जाळ्या टाका.

पाइप असा काढा. सिंक बाहेरच्या भिंतीजवळच घ्या. भिंतीत आंधी मोठ्या पाइपाचा तुकडा आरपार बसवा, बाहेरच्या बाजूनं जरा उतरता, अन् त्याच्यातून २ इंची पाइप काढा. सांधा भिंतीच्या आत एकही येऊ देऊ नोका. गळलं तर पाणी मोठ्या पाइपातून बाहेर दिसते, भिंतीत मुरत नाही. बाहेर दर फुटाले पाव इंच उतार द्या. पाणी भिंतीपासून १० फुटाच्या आत सोडू नोका, अन् विहीर असन तर तिच्यापासून जितकं दूर नेता येईन तितकं न्या. शोषखड्डा काळ्या मातीत पाणी पीत नाही, भरून वर येते अन् तेच पाणी बुडाशी परत येते. खाली मुरूम लागत असन तरच करा. नाही तर केळी अन् कर्दळीचा वाफा करून त्यात सोडा, तेलकट गाळ अडवाले मधात एक छोटी टाकी ठेवा, आठवड्याले साफ करा.

एक सांगाचं राह्यलं. चूल बाहेर गेली, भिंत पांढरी झाली, तरी त्या खोलीत दिवसाही लाइट लावा लागन. शेगडीच्या अन् सिंकच्या वर एकेक काचेचं कवेलू बसवा. मे महिन्यात कवेलू फेरालच (काढून नीट लावालच), तवाच करा. अन् फाट्याचे फोटो इथं टाका, आंधी भिंतीत घुसलेल्या टोकाचे.