मदत हवी आहे: सिम्युलेशनमध्ये दिसणारा अ‍ॅनापोलचा डिप डार्क फील्डमध्ये गायब

चकतीवाला:
मंडळी, तीन आठवडे एकाच आलेखापुढे डोकं धरून बसलोय.

क्वार्ट्झवर अमॉर्फस सिलिकॉनच्या चकत्या केल्यात, उंची ५० नॅनोमीटर, व्यास ३००. अशा चकतीचा विद्युत द्विध्रुव आणि टोरॉइडल द्विध्रुव (कड्यासारख्या फिरत्या प्रवाहांचा) ठराविक तरंगलांबीला बाहेर एकमेकांना खोडतात, आत मात्र क्षेत्र ठासून भरलेलं राहतं; हाच अ‍ॅनापोल, आणि तिथे स्कॅटरिंग (विखुरलेला प्रकाश) कमी होऊन आलेखात डिप दिसतो. सिलिकॉन चकतीत हे २०१५ मध्ये दृश्य प्रकाशात दाखवलंही गेलंय. माझ्या एफडीटीडीत (प्रकाशाच्या संगणकी सिम्युलेशनमध्ये) ६४० नॅनोमीटरजवळ स्कॅटरिंग शिखराच्या दहाव्या भागावर येतं. प्रत्यक्ष डार्क फील्डमध्ये (फक्त विखुरलेला प्रकाश दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपखाली) मोजलं तर तिथे नुसती एक मरगळलेली उतरण.

एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) व्यास बरोबर आहेत, बॅकग्राउंड वजा केलंय. सर म्हणतात, रेझिस्ट (चकत्या कोरताना लावलेला पॉलिमरचा थर) राहिलं असेल. (सरांच्या मते सगळ्याच रोगांचं मूळ रेझिस्ट.)

किरणोत्सुक:
ऑब्जेक्टिव्ह कुठलं? आणि सिम्युलेशनमध्ये प्रकाश कोणत्या कोनातून सोडलात?

चकतीवाला:
१०० एक्स, एनए (किती तिरका प्रकाश आत घेतं त्याचं माप) ०.९. प्लेन वेव्ह सरळ वरून.

किरणोत्सुक:
मग गोम तिथेच आहे. डार्क फील्डमध्ये प्रकाश त्या ०.९ च्या बाहेरच्या कड्यातून येतो, म्हणजे लंबापासून ६४ अंशांहून जास्त तिरका. पी-ध्रुवित भागात (विद्युत क्षेत्र आपतन प्रतलात) विद्युत क्षेत्राचा उभा घटकच ०.९ पट, तो चकतीत उभा विद्युत द्विध्रुव जागा करतो. एस-ध्रुवित (विद्युत क्षेत्र पृष्ठभागाला समांतर) घेऊन सुटाल असंही नाही: तिथे चुंबकीय क्षेत्र उभं होतं आणि चकतीत गोल फिरणारा प्रवाह उठतो. खोडाखोड फक्त आडव्या विद्युत द्विध्रुवाची झालीय. ही बाकीची मंडळी डिप भरून काढतात. तिरक्या कोनातून दोन्ही ध्रुवणं वेगवेगळी चालवा आणि ऑब्जेक्टिव्हमध्ये शिरतो तेवढाच प्रकाश मोजा.

उपवर्तक:
वरच्याला +१. शिवाय एन-के (सिलिकॉनचे अपवर्तन आणि शोषणाचे आकडे) कुठले वापरले? स्फटिकी सिलिकॉनचे तयार आकडे घातले असतील तर फसाल. अमॉर्फस थर लाल रंगातही बराच शोषतो, आणि अ‍ॅनापोलला क्षेत्र आतच कोंडलेलं असल्याने शोषण तिथे जास्तच बोचतं. स्वतःच्या फिल्मची एलिप्सोमेट्री (परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवणावरून एन-के काढणं) करा.

चकतीवाला:
एलिप्सोमेट्रीला सोमवारी नंबर लागलाय. ६५ अंशांचं रात्री चालवलं: डिप जवळजवळ बुजला, आकार हुबेहूब मोजलेल्यासारखा! आता सरळ वरून मोजायचं तर चकत्यांची जाळी (नियमित मांडणी) करून ट्रान्समिशन (आरपार जाणारा प्रकाश) घेऊ का? अंतर किती ठेवू?

किरणोत्सुक:
क्वार्ट्झमध्ये ६४० ला विवर्तन नको असेल तर केंद्रापासून केंद्रापर्यंत ४३५ च्या आत. पण मग शेजारच्या चकत्यांत जेमतेम १३५ चं अंतर उरतं, त्या एकमेकींशी बोलायला लागतील. मी जाळी न करता विस्कळीत मांडेन. आणि लक्षात असू द्या, ट्रान्समिशनमध्ये स्कॅटरिंग अधिक शोषण दोन्ही येतं, त्यामुळे तिथला डिप उथळच दिसेल. तो उथळ दिसला म्हणून पुन्हा रेझिस्टवर खापर फोडू नका.